छोट्या रुळांशेजारची आपली झाडं

मॉडेल रेल्वेसाठी तयार झाडं बाजारात मिळतात आणि ती चांगलीही असतात. नॉख आणि फॅलर या जर्मन कंपन्यांची किंवा वुडलँड सीनिक्स या अमेरिकी कंपनीची पाकिटं उघडली, की स्प्रूस, पाइन, बर्च असं थंड देशातलं सगळं रान टेबलावर मांडता येतं. तुमच्या लेआउटवर आल्प्समधला घाट असेल तर प्रश्नच मिटला. पण तुम्ही कर्जत-लोणावळा किंवा नेरळ-माथेरान करायला घेतलं असेल, स्टेशनची पिवळी पाटी हाताने रंगवली असेल आणि पाटीमागे स्प्रूसची रांग उभी असेल, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. शिवाय आयात मालाच्या किमती पाहता घाटाचा एक उतार झाकण्याइतकी झाडं विकत आणणं बहुतेकांच्या खिशाला झेपत नाही. म्हणून आपली झाडं आपणच करायची.

हे करताना पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवा. छोट्या मापात झाड ओळखू येतं ते फांद्यांवरून. पान या मापात दिसतच नाही. आंब्याचं वीतभर लांब पान एचओ मापात जेमतेम अडीच मिलिमीटरचं उरतं. तरीही नवखा माणूस हिरव्या भुकटीच्या मागे लागतो, तिच्या छटांवर तासन्‌तास घालवतो आणि सांगाडा मात्र पाच मिनिटांत उरकतो. वेळेची वाटणी याच्या बरोबर उलट हवी.

आधी उंचीचा हिशेब. एचओचं प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्या झाडाचा एक मीटर तुमच्या टेबलावर साडेअकरा मिलिमीटर होतो. एन मापात प्रमाण 1:160, तिथे मीटरचे सव्वासहा मिलिमीटर. पंधरा मीटरचा आंबा एचओमध्ये सतरा सेंटिमीटर, वीस मीटरचा माड तेवीस सेंटिमीटर, पंचवीस मीटरचा साग जवळजवळ एकोणतीस. बाभूळ नऊ-दहा सेंटिमीटरला थांबते आणि केळ चारच सेंटिमीटरला. आता शेजारी प्रवासी डबा ठेवून पाहा. तो रुळापासून साधारण साडेचार सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे वाढलेला आंबा डब्याच्या पावणेचारपट उंच भरतो. प्रत्यक्षात बहुतेक लेआउटवरची झाडं डब्याच्या दीडपट उंचीवर खुंटलेली असतात आणि त्यामुळे आंब्याचं झाड करवंदाच्या जाळीसारखं दिसतं.

अर्थात मापाला किती चिकटायचं याला मर्यादा आहे. एचओचा 16.5 मिलिमीटरचा रूळ मुळात 1435 मिलिमीटरच्या परदेशी रुळाची प्रतिकृती आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. इंजिनाखालीच आपण तडजोड केलेली असते, तेव्हा झाडाच्या बाबतीत हट्ट धरण्यात अर्थ नाही. पुढच्या कडेला उभं राहणारं झाड खऱ्या मापाच्या पाऊणपट करा, मागे जाताना उंची कमी करत न्या. अगदी मागच्या डोंगरावरची झाडं निम्म्या उंचीची असली की टेबल आहे त्यापेक्षा खोल वाटतं. मागच्या झाडांचा हिरवा रंगही थोडा निळसर-राखाडी ठेवा. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे गेलात तर गाड्या धावत असताना थोडा वेळ गाड्यांकडे पाठ फिरवा आणि झाडं, घरं, माणसं यांची एकमेकांशी मापं कशी जुळतात ते बघा.

झाडं बघण्याचा खरा मोसम माघ-फाल्गुन. पळस, काटेसावर, साग यांची पानं गळलेली असतात आणि सांगाडा उघडा पडतो. सकाळी किंवा संध्याकाळी झाड प्रकाशाच्या आड घेऊन मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे फांद्यांची काळी रेघ तेवढी उरेल. अशा फोटोंवरून किती गोष्टी कळतात! काटेसावरीचं खोड सरळ वर जातं आणि फांद्या त्यातून मजल्यामजल्याने आडव्या निघतात. आंब्याचं खोड आखूड, डोकं घुमटाकार आणि गच्च. चिंचेचा पसारा आंब्याएवढाच, पण विरळ. तिच्या आरपार आभाळ दिसतं. पिंपळाच्या खोडाला पन्हळी असतात आणि फांद्यांची ओढ वरच्या दिशेला असते. निलगिरीचं निम्मं खोड उघडंच असतं आणि पानांचे झुबके वर टोकाशी. बाभळीला तर सरळ रेघ माहीतच नाही.

आता सांगाडा. यासाठी तांब्याच्या तारेसारखं दुसरं काही नाही. इलेक्ट्रिशियनकडे अडीच चौरस मिलिमीटरच्या बहुतारी वायरचे तुकडे उरतात, ते मागून घ्या. वरचं प्लास्टिक ब्लेडने किंवा स्ट्रिपरने सोला. ते जाळून तार काढण्याचा उद्योग घरात कधीही करू नका, त्या धुरात विषारी वायू असतात. मोठ्या झाडांसाठी बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायरही चालते, पण ती गंजते, आणि कोकणच्या हवेत तो गंज रंगातून वर येतो.

पंधरा सेंटिमीटरच्या आंब्यासाठी बावीस-तेवीस सेंटिमीटर लांबीच्या चाळीस-पन्नास तारा एकत्र घ्या. खालचे तीन सेंटिमीटर मोकळे सोडून पकडीने धरा आणि वर खोडापुरता पीळ द्या. आंब्याचं खोड आखूड असल्याने दोन-तीन सेंटिमीटर पुरे. तिथून तारांचे चार-पाच गट करा, आणि इथेच हात आवरा, कारण हाताला समान वाटे करायची सवय असते. चार फांद्यांना बारा-बारा तारा दिल्या तर झाड छत्रीच्या काड्यांसारखं होतं. एका फांदीला अठरा, दुसरीला तेरा, तिसरीला नऊ, उरलेल्या चौथीला, असं विषम वाटा. प्रत्येक गटाला पीळ द्या, थोडं वर जाऊन पुन्हा फोडा, पुन्हा पीळ. शेवटी दोन-दोन तारा उरल्या की त्यांना एक-दोन वेढे द्या आणि टोकाचा सेंटिमीटरभर भाग मोकळा पसरा. टोकं सगळी एका उंचीवर संपली तर कातरीने तीनचार ठिकाणी आखूड करा.

मग झाड हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवा. तारेचं झाड हमखास चपटं होतं, कारण आपण ते टेबलावर आडवं ठेवून वळलेलं असतं. फांद्या पुढे-मागे वाकवा. खऱ्या फांद्या खोडातून निघताना वर जातात, मग वजनाने खाली झुकतात आणि टोकाशी पुन्हा प्रकाशाकडे वळतात. हा दुहेरी बाक आला की झाडात जीव येतो. खाली सोडलेल्या तारांपैकी चार-पाच मुळांसाठी बाहेर पसरा आणि उरलेल्यांचा एक खुंटा करा, त्यानेच झाड जमिनीत रोवायचं आहे. हात बसला असेल तर खोडाच्या पिळांत थोडं सोल्डर वितळवून भरा. तांब्यावर ते सहज धरतं आणि खोड एकसंध होतं. सोल्डर करताना खिडकी उघडी हवी.

साल करायला फेव्हिकॉलमध्ये व्हाइटिंग पावडर किंवा भिंतीची पुट्टी आणि चिमूटभर बारीक लाकडी भुसा कालवा. कवडी दह्याइतकं दाट झालं की जुन्या ब्रशने खोडाला आणि जाड फांद्यांना लावा. एकदम जाड थर दिलात तर वाळताना तडे जातात. दोन-तीन पातळ हात द्या. ओलं असतानाच टाचणीने उभ्या चिरा ओढल्या की आंब्याची साल झाली. पिंपळासाठी टाचणीऐवजी टूथपिकने लांब पन्हळी दाबा. निलगिरीचं खोड गुळगुळीत ठेवा. बारीक डहाळ्यांना हे मिश्रण लावू नये, त्या लगेच जाड दिसतात.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. तपकिरी ट्यूब बाजूला ठेवा. आपल्याकडची बहुतेक खोडं राखाडी असतात. अ‍ॅक्रिलिकमधला रॉ अंबर, काळा आणि पांढरा मिसळून गडद राखाडी पाया द्या, वाळल्यावर कोरड्या ब्रशने फिकट राखाडी नुसता वरून फिरवा, म्हणजे उंचवटे उजळतील. माडाचं आणि सावरीचं खोड अजून फिकट, निलगिरीचं मळकट पांढरं. रस्त्याच्या कडेचं झाड असेल तर बुंध्याला चुन्याचा आणि गेरूचा पट्टा द्यायला विसरू नका. लेव्हल क्रॉसिंगजवळच्या दोन झाडांना असा पट्टा दिलात की तो रस्ता महाराष्ट्रातला आहे हे पाटीशिवाय कळतं.

पानांसाठी फोम. गादीवाल्याकडे किंवा सोफे दुरुस्त करणाऱ्याकडे फोमचे तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, पाण्यात पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिक किंवा फॅब्रिक रंगात बुडवून पिळा आणि पूर्ण वाळवा. पोस्टर कलर वापरू नका, नंतर पातळ गोंद फवारला की तो सुटतो. वाळलेले तुकडे भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा. कोरडे फिरवले तर मोटर तापते आणि भुकटी भांड्याला चिकटून बसते. हे भांडं कायमचं वेगळं ठेवायचं, ते पुन्हा चटणीसाठी वापरायचं नाही. याबाबत घरात आधीच बोलून घेतलेलं बरं. भुकटी फडक्यात पिळून वर्तमानपत्रावर वाळवा आणि आधी तांदळाच्या, मग मैद्याच्या चाळणीतून काढा. वर राहिलेला जाडाभरडा माल झुडपांना, मधला झाडांना, खालची पूड कोवळ्या पालवीला. वाळलेली पूड चाळताना तोंडावर मास्क असू द्या.

ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा वापरला तर झाड प्लास्टिकचं दिसतं. त्यात यलो ऑकर घाला, किंचित लाल घाला. लाल रंग हिरव्याची चमक मारतो आणि रानाचा हिरवा मिळतो. तीन-चार छटा करून ठेवा. आंब्याला गडद, चिंचेला पिवळट, करंजाच्या नव्या पालवीला पोपटी. आंब्याच्या घुमटावर एका बाजूला तांबूस पूड भुरभुरली तर नवी पालवी फुटल्याचा भास होतो. घाटातल्या कोशिंबाची वसंतातली पालवी तर लालभडक असते. दाट हिरव्या उतारावर असं एकच झाड ठेवलं तरी नजर तिथे जाते.

फोम थेट तारेवर लावला तर विरळ पडतो. मध्ये एक जाळी लागते. उशीत भरायचा पॉलिस्टरचा कापूस चिमूटभर घ्या आणि ओढून-ओढून इतका पातळ करा की त्यामागचं वर्तमानपत्र वाचता यावं. त्याला गडद हिरव्या किंवा काळ्या स्प्रेचा एक हात मारून ठेवा. हे जाळं फांद्यांच्या टोकांवर छोट्या-छोट्या झुबक्यांत अडकवा. सगळ्या झाडावर एकच चादर पांघरू नका. मग हेअर स्प्रे मारा आणि लगेच वरून फोम भुरभुरा. आधी गडद, मग फक्त वरच्या बाजूला फिकट. हेअर स्प्रे पेट घेतो, सोल्डरिंग आयर्न बंद झाल्याशिवाय डबा उघडू नका. शेवटी एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण बारीक फवाऱ्याने मारा. त्या एका थेंबामुळे पाणी फोमवर गोळे न धरता आत शिरतं. झुबक्यांमधून आभाळ आणि फांद्या दिसल्या पाहिजेत. वाटतं त्यापेक्षा थोडं आधी थांबा.

माडाची रीत निराळी आहे आणि कोकण रेल्वेचा लेआउट करणाऱ्याला ती टाळता येत नाही. खोडासाठी एक जाड तार घ्या, तिला तळाशी बारीक तारेचे वेढे देऊन बुंधा फुगीर करा आणि खालपासून वरपर्यंत शिवणाचा जाड दोरा गोंदात भिजवून जवळजवळ गुंडाळा. या वेढ्यांमुळे खोडावर गळलेल्या झावळ्यांचे वण दिसतात. आता खोडाला सावकाश एकच बाक द्या. झावळी खऱ्या मापात पाच मीटरच्या आसपास, म्हणजे एचओमध्ये सहा सेंटिमीटर. जाडसर कागदाला दोन्ही बाजूंनी रंग द्या, त्याचे लांबट पात्याच्या आकाराचे तुकडे कापा, मधोमध बारीक तार चिकटवून कणा करा आणि धारदार कात्रीने दोन्ही कडांना तिरके, अगदी जवळजवळ काप द्या. कापांची दिशा टोकाकडे हवी. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला आडवाट नाही. एका माडाला वीस-पंचवीस झावळ्या लागतात. मधल्या तीन-चार उभ्या, त्यांच्या भोवतीच्या तिरक्या, मग आडव्या, आणि खालच्या खोडाला टेकलेल्या. सगळ्यात खाली एक-दोन वाळक्या तपकिरी झावळ्या लोंबत्या ठेवा. जाहिरातीतल्या माडाला त्या नसतात, वाडीतल्या माडाला असतात. झावळ्यांच्या बेचक्यात मोहरीचे दाणे हिरवे रंगवून चिकटवले की नारळही झाले. पोफळीला हीच रीत, फक्त खोड बारीक आणि अगदी सरळ, झावळ्या कमी आणि आखूड. केळीचं पान सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचं कापा आणि वाऱ्याने फाटल्यासारख्या कडा चिरा. अखंड पानांची केळ खोटी वाटते.

वडासाठी तारेचाच सांगाडा, पण खोड चार-पाच जुड्या शेजारी-शेजारी बांधून केलेलं. पारंब्यांना काथ्या उत्तम. जमिनीपर्यंत पोचलेल्या दोन-तीन पारंब्या जाड करून खांबासारख्या रोवा. पूर्ण मापाचा वड निम्मं गाव खाऊन टाकतो, म्हणून त्याला टेबलाच्या कोपऱ्यात अर्धाच उभा करा आणि बुंध्याभोवती पार बांधा.

सगळ्याच झाडांना तार लागत नाही. आंब्याचा गळलेला, वाळलेला मोहोर हा बारीक फांद्यांचा आयता सांगाडा आहे. द्राक्षं खाऊन झाल्यावर उरणारा घडाचा देठ धुऊन वाळवला तर छोट्या झाडाचं खोड होतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून झुडपं करता येतात. मात्र निसर्गाकडून आणलेल्या मालात किडे असतात. तो पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून उलटा टांगून सावलीत वाळवा. गोंदपाण्यात लवंगेच्या तेलाचे थोडे थेंब टाकले तर पावसाळ्यात बुरशी कमी धरते. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर झाडांवर पातळ प्लास्टिक टाकून ठेवावं आणि मधूनमधून काढून हवा द्यावी.

बोरघाटासारखा उतार करताना प्रत्येक झाड वेगळं करायला बसलात तर लेआउट कधीच पुरा होणार नाही. उतारावर मागची झाडं म्हणजे नुसते डोक्यांचे गोळे. पॉलिस्टर कापसाचे लहान-मोठे गोळे करा, फोममध्ये घोळवा आणि खालून वर चिकटवत जा. फक्त पुढच्या ओळीत खोड दिसणारी झाडं ठेवा. मध्ये कातळ उघडा सोडायला विसरू नका. सह्याद्रीचा उतार पूर्ण झाकलेला कधी नसतो. देशावरच्या लेआउटला रुळांच्या कुंपणाशी घायपात हवीच. हिरव्या-करड्या कागदाच्या टोकदार पट्ट्या एका बिंदूत चिकटवल्या की तीही झाली.

ऋतू एकच ठरवा. पळस फुललेला आणि खाली श्रावणातलं गवत, असं करू नका. पळस आणि सावर फुलतात तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं आणि जमीन पिवळी पडलेली असते. गुलमोहर आणि बहावा त्यानंतर, उन्हाच्या कडाक्यात. पावसाळा निवडलात तर सगळं हिरवं, पण फुलांचा रंग कमी.

लावताना झाड लगेच चिकटवू नका. तळाच्या खुंट्याएवढं भोक पाडा, झाड बसवा आणि तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने त्या वळणावरून ढकलून बघा. वळणावर लांब डब्याची टोकं बाहेरच्या बाजूला आणि मधला भाग आतल्या बाजूला झुकतो, त्यामुळे सरळ रुळावर सुटणारी फांदी वळणावर डबा पाडते. विजेच्या तारा दाखवल्या असतील तर त्यांच्यावर झुकलेली फांदीही नको, खरी रेल्वेसुद्धा ती छाटते. झाडं तीन, पाच अशा विषम गटांत लावा, आणि स्टेशनवर एक मोठं झाड कट्ट्यासह एकटं ठेवा.

पहिलं झाड माडाचं किंवा वडाचं करू नका. बाभळीपासून सुरुवात करा. वीसेक तारा, वेडंवाकडं खोड, वर विरळ चपटं डोकं. तिच्यात हाताची चूक दिसत नाही आणि देशावरच्या कुठल्याही रुळाशेजारी ती शोभते. बाभळी जमल्या की आंबा घ्या, आणि माड सगळ्यात शेवटी.